देठ सुटलेलं

सोमवारी ती सगळ्यांत आधी येते,
मी अजून ताडपत्रीच्या गाठी सोडत असते.
लीस्बेत. एस्टोनियाची. केस कणसाच्या रेशमासारखे,
पायांत काही नाही.
पपई हातात घेते आणि विचारते
मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये,
"ही तोडली, की पडली?"

पहिल्यांदा मला वाटलं, भाव पाडतेय.
मग कळलं, पडलेल्याचे ती दुप्पट देते.

नदीपलीकडे, तंबाखूच्या जुन्या कोठारात त्यांचं राहणं.
अकरा जण. चूल नाही.
टॉर्बेन त्यांना सांगतो,
आग हाती आली तेव्हापासून माणूस बिघडला.
मूळ खाल्लं तर झाड मेलं, पान खुडलं तर झाड दुखलं,
दाणा म्हणजे तर पोटातलं पोर.
फळ तेवढं झाड आपणहून देतं,
वर रंग लावून, वास लावून,
घ्या म्हणून.
रविवारी फादरही एका बागेची गोष्ट सांगतात,
पण त्यांच्या गोष्टीत फळानंच घात केला.
मी दोघांचंही ऐकते.
दोघंही केळी माझ्याकडूनच नेतात.

सांगायला हवं होतं का मी तिला,
की चिरिमोयाचं एकेक फूल
माझा भाऊ सेगुंदो संध्याकाळी शिडीवर चढून
रंगाच्या ब्रशनं फळवतो,
इथल्या किड्यांच्या भरवशावर राहिलो तर उपाशी मरू?
की पपईची नर झाडं आम्ही कोवळेपणीच कापतो,
एखादं ठेवतो, गावाला वळू ठेवावा तसं?
की पडलेलं म्हणून तू जे नेतेस
ते पहाटे मीच
फांदी हलवून पाडलेलं असतं?

जूनमध्ये तिचा दात हलायला लागला.
टॉर्बेन म्हणाला, शरीर जुनं टाकून देतंय, आनंद मान.
ती हसली तेव्हा हिरड्या दिसल्या,
अति पिकलेल्या अंजिराच्या आतल्यासारख्या.
भर उन्हात थंडी वाजते म्हणाली.
मी गप्प.
माझ्या मागच्या खोलीत नऊ गिनीपिग,
शनिवारी त्यातल्या एकाची मान मी पिरगळते,
आईला रस्सा लागतो.
आई एक्याण्णव वर्षांची. मीठ जास्त, रागही जास्त.

मग एका सोमवारी आली नाही.
शनिवारी रात्री दारावर टकटक.
एकटीच.
"मीठ आहे?"
तळहात पुढे केला. मी चिमूटभर ठेवलं.
तिनं डोळे मिटून चाटलं,
गाय दगड चाटते तसं,
आणि पुन्हा हात पुढे.
आतून आई ओरडली, कोण आहे, दार लाव, गारठा येतोय.

दार लावलं. ती आत होती.
रस्सा चुलीवर. वास पोचला तिच्यापर्यंत,
नाकपुड्यांवरून कळलं.
आग्रह करायची आमच्यात रीत आहे,
मी केला नाही.
भांड्यावरचं झाकण काढलं इतकंच
आणि पाठ फिरवून सरपण रचत बसले,
रचलेलं मोडून पुन्हा रचत,
बराच वेळ.

चमचा वाजला की नाही
ते मी कुणाला सांगणार नाही.
फादरना नाही. टॉर्बेनला तर नाहीच.

या सोमवारी ती आली, बरोबर टॉर्बेन.
पायांत माझ्या आईचे लोकरी मोजे, चिखलानं भरलेले.
पपई उचलली. देठ पाहिला.
त्यावर चिकाचा थेंब अजून ओला होता, पांढरा.
"पडलेली ना?" तिनं विचारलं.
"पडलेली," मी म्हटलं.
तिनं अंगठ्यानं चीक पुसून टाकला,
मोजे घासत उभी राहिली,
आणि दुप्पट पैसे मोजले.

मी अर्धेच घेतले.